आयव्हीचं क्रंबल आणि सेथचं तोंड

उत्तर इंग्लंडातल्या आमच्या थॉर्नक्लफमध्ये कुणी कशाला 'छान' म्हटलं, की समजावं काहीतरी बिनसलंय. छान हा शब्द आम्ही मयताच्या घरी वापरतो, नाहीतर दक्षिणेकडून आलेल्या पाहुण्यांपुढे. घरात नातू जन्मला तर आजोबा पाळण्यात डोकावून म्हणतात, "नाक-डोळे जागच्या जागी आहेत म्हणायचे." लग्नाला चाळीस वर्षं झाली तर नवरा म्हणतो, "निभावलं." आणि एखादा पदार्थ खरोखर जमून गेला, जीव तृप्त झाला, तर माणूस वाडगा पुढे सरकवतो आणि म्हणतो, "याहून वाईट खाल्लंय मी." याच्या वरची पदवी आमच्या खोऱ्यात नाही. मागूही नये.

आयव्ही होल्रॉइडला ही पदवी बावीस वर्षं मिळाली. दर ऑक्टोबरात चॅपलमध्ये सुगीचं जेवण असतं, त्यात फळांवर भुगा घालून भाजलेलं गोड क्रंबल आयव्हीचं, आणि पहिला वाडगा सेथ बॅरक्लफचा. हा सेथ म्हणजे गिरणीतला जुना जॉबर. माग बिघडला की दुरुस्त करायला येणार, पण येताना तोंड असं करून येणार की धागा मागावरच्या बाईनं मुद्दाम तोडलाय. त्याच्या तोंडून चांगला शब्द काढणं म्हणजे दगडातून तेल काढणं. तो बावीस वर्षं तेवढं एकच वाक्य बोलला आणि आयव्ही दर वेळी त्या वाक्यावर वर्षभर जगली.

बाई दिसायला एवढीशी. चौदाव्या वर्षी गिरणीत गेली, चार माग सांभाळायची, आणि गिरणी बंद झाली तेव्हाच बाहेर आली. शेजारचे चार माग क्लॅरा मिजलीचे. दोघींची मैत्री तिथलीच. साळखात्यात धोट्यांचा खडखडाट असा की कानाशी ओरडलं तरी ऐकू जायचं नाही, म्हणून आमच्या बायका नुसत्या ओठांनी बोलायच्या. आवाज नाही, फक्त ओठ. कुणाचं कुणाशी जुळलं, कुणाच्या सासूनं काय म्हटलं, सगळं साठ मागांच्या डोक्यावरून या टोकाचं त्या टोकाला. गिरणी गेली पण ही खोड काही गेली नाही. अजूनही बसच्या काचेआडून, रस्त्याच्या पलीकडून या बोलतात. त्यामुळे थॉर्नक्लफमध्ये गुपित सांगायचं तर आधी पाठ फिरवावी लागते, नाहीतर तोंडावर हात धरावा लागतो. शहाणी माणसं दोन्ही करतात.

क्रंबल तिच्या हाताला लागलं लढाईच्या दिवसांत. लोणी मोजून मिळायचं, पीठ मोजून मिळायचं, ॲपल-पाय करायचा तर त्याची पोळी लाटायला ऐवज कुठला? मग असेल ते स्निग्ध पिठात चोळायचं, भुगा करायचा आणि फळांवर भुरभुरवायचा. अडचणीतून निघालेला पदार्थ तो. नवरा अर्नेस्ट लढाईवरून परत आला तेव्हा तिनं त्याच्यापुढे तेच ठेवलं. सहा वर्षांनी घरी आलेला माणूस, वाडगा रिकामा करून म्हणाला, "याहून वाईट खाल्लंय." आणि रडायला लागला. अर्नेस्ट गेला त्यालाही आता बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. आयव्हीनं क्रंबल काही सोडलं नाही.

आता ती कसं करते ते सांगतो, कारण हल्ली लोक काहीही करतात आणि त्याला क्रंबल म्हणतात. आधी मनगटं गार पाण्याच्या नळाखाली धरायची, बोटं बधिर होईपर्यंत. लोणीही गारच हवं. मग मैदा, जाडी तपकिरी साखर आणि लोणी नुसत्या बोटांच्या टोकांनी चोळायचं, तळहात लावायचा नाही, तळहाताला ऊब असते. अर्धी वाळू, अर्धे खडे झाले की थांबायचं. थांबणंच बहुतेकांना जमत नाही, चोळत बसतात. वर चमचाभर गार पाणी शिंपडून भांडं नुसतं हलवायचं, म्हणजे मधूनमधून शेंगदाण्याएवढे गोळे धरतात. कुरकुरतात ते तेच.

सफरचंदं आंबट, ब्रॅम्ली जातीचीच. निम्मी आधी थोडी शिजवायची, निम्मी जाड फोडी करून कच्चीच टाकायची. म्हणजे काही विरघळतात, काही दाताखाली येतात. वरून रानातल्या काळ्या बेरी खोचायच्या, ढवळायच्या नाहीत. भुगा हातभर उंचीवरून सोडायचा आणि वर थापटायचा नाही, थापटला की मेला. कडेनं काट्यानं थोडी वाट करून द्यायची, तिथून रस वर येतो. ओव्हनमध्ये कडेला जांभळे बुडबुडे उकळायला लागले की बाहेर. आणि मग पंधरा मिनिटं कुणी हात लावायचा नाही. कढत खाणाऱ्याची जीभ भाजते आणि चव त्याच्या नशिबी नसते.

वाढतानाही ढंग असतो. चमचा सरळ तळापर्यंत घालून एका खेपेत वर आणायचा, म्हणजे प्रत्येकाला भुगाही मिळतो आणि फळही. कोपऱ्याचा तुकडा मानाचा. कस्टर्ड दाट, कढत, आणि ते बाजूनं ओतायचं. डोक्यावर ओतलं की वरचा सगळा कुरकुरीतपणा पाण्यात. काही ठिकाणी आइस्क्रीम घालतात म्हणे. घालोत बापडे.

हे सगळं कुणालाही शिकवता येईल. शिकवता येत नव्हती ती साखर. ब्रॅम्ली दर वर्षी वेगळं असतं, उन्हाळा जसा तसं फळ. आयव्ही एक कच्ची फोड आणि एक बेरी जिभेवर ठेवायची, डोळे मिटायची आणि मग फळांवर मुठीनं साखर टाकायची. किती मुठी, ते तिची जीभ सांगायची. वजन नाही, माप नाही. कधी चुकली नाही.

तेविसाव्या वर्षी फेब्रुवारीत तिला फ्लू झाला. तीन आठवडे अंथरुणात होती. उठून हिंडू-फिरू लागली आणि एका सकाळी क्लॅरा दार ढकलून आत आली ती खोकतच.

"अगं, दूध जळून कोळसा झालंय. घरभर धूर. नाक कुठं ठेवलंयस?"

"सर्दी आहे," आयव्ही म्हणाली.

सर्दी नव्हती. चहा नुसता कढत लागत होता. बेकन म्हणजे खारट कातडं. तिनं एकदा व्हिनेगर चमच्यानं घेऊन पाहिलं, घशाला झोंबलं पण जिभेला पत्ता नाही. डॉक्टर म्हणाला, "येईलही परत. नाहीही येणार." ती घरी आली, खुर्चीत बसली आणि मे उजाडला, जून गेला, तरी कुणाला बोलली नाही. गिरणी गेली होती, अर्नेस्ट गेला होता. रस्त्यात पोरंसुद्धा तिला ओळखायची ती क्रंबलवाली आयव्ही म्हणून. तेही गेलं तर मग आपण कोण? बोलून दाखवलं की ते खरं होईल, असं वाटून बाई गप्प राहिली.

त्या वर्षी उन्हाळा असा झालाच नाही. जुलैत शेकोट्या पेटवल्या लोकांनी. ऑक्टोबरात चॅपलच्या स्वयंपाकघरात आयव्हीनं ब्रॅम्लीची फोड जिभेवर ठेवली, डोळे मिटले. फोड गार होती, ओली होती. बाकी काही नाही. दुसरी ठेवली. बेरी ठेवली. मग गेल्या वर्षीच्या मुठी आठवल्या तेवढ्या टाकल्या आणि देवावर हवाला ठेवला.

हॅम झालं, वाटाणे झाले, लोणची फिरली. आयव्ही वाढपाच्या खिडकीत उभी राहिली आणि कोपऱ्याचा तुकडा सेथला गेला. सेथनं एक चमचा तोंडात घातला. चमचा खाली ठेवला. चहाचा मोठा घोट घेतला. मग मान खाली घालून, एखादं काम अंगावर घेतल्यासारखा, सगळा वाडगा संपवला. टाकणं पाप, हे आमच्या हाडात आहे. तो रिकामा वाडगा घेऊन स्वतः खिडकीशी आला, जे त्यानं बावीस वर्षांत कधी केलं नव्हतं.

"छान होतं, आयव्ही," तो म्हणाला.

मग एकामागून एक रांगच लागली. छान झालं होतं. फारच छान. अगदी छान हो, मिसेस होल्रॉइड. साठ माणसांतल्या एकानंही तिला खरं सांगितलं नाही, उलट भलेपणानं साठ वेळा सुरी फिरवली. तिनं हॉलभर नजर टाकली तर जिकडेतिकडे पाठी. ज्यांच्या पाठी नव्हत्या त्यांचे हात तोंडावर. ती बोलकी मंडळी सगळी तिच्या नजरेआड बोलत होती.

एकटी क्लॅरा पार पलीकडच्या टेबलावर तिच्याकडे तोंड करून बसली होती. तिनं आयव्हीची नजर पकडली आणि ओठ हलवले.

"आंबट. दात आंबले माझे."

"किती?" आयव्हीचे ओठ.

"सांगण्यासारखं नाही. काय झालंय तुला?"

आयव्हीनं कस्टर्डचा जग खाली ठेवला. आठ महिने दाबून ठेवलेलं वर आलं. "चव गेलीय माझी. फेब्रुवारीपासून. काही लागत नाही, क्लॅरा. काहीच."

चमच्यांचा खणखणाट चालला होता, कुणीतरी पियानोकडे जात होतं. क्लॅरा उठली, हॉल ओलांडून आली, तिनं जग उचलला आणि उरलेलं कस्टर्ड स्वतः वाढलं.

दुसऱ्या दिवशी गावभर झालं. कसं झालं ते विचारू नका, कुणाची तरी पाठ पुरेशी फिरली नव्हती. तोंडावर कुणी अवाक्षर काढलं नाही. त्याऐवजी आयव्हीच्या दाराशी झाकून ठेवलेली सूपं यायला लागली. लोक तिच्याशी हळू बोलू लागले. खाटीक न मागता चांगला तुकडा द्यायला लागला. एवढ्या माया-दयेनं बाई अर्धी झाली. जिला लोक टोमणेसुद्धा मारेनासे होतात, तिनं काय समजायचं?

जानेवारीत चॅपलच्या समितीची बैठक झाली. मिसेस पेलम, आमच्या पाद्रीसाहेबांच्या बाई, सरेकडच्या, म्हणजे पार दक्षिणेतल्या. स्वभावानं सोनं. पण त्यांना सगळंच छान दिसतं, त्याला इलाज नाही.

"मिसेस होल्रॉइड, तुम्ही इतकी वर्षं केलंत, आता जरा विश्रांती घ्या," त्या म्हणाल्या. "यंदा क्रंबल मी करते. आमची आई वरून ओट्स आणि बदामाचे काप घालायची. छान लागतं."

कुणी चहाच्या कपात बघतंय, कुणी छताकडे. आयव्ही हो म्हणणारच होती. शब्द ओठांवर आला होता, तेवढ्यात समोरून क्लॅराचे ओठ हलले.

"बदाम, आयव्ही. बदाम."

आयव्हीनं श्वास घेतला. "मीच करीन, मिसेस पेलम. आभारी आहे."

"छानच की," मिसेस पेलम म्हणाल्या, आणि त्यांना खरंच आनंद झाला होता.

बाहेर पडल्यावर आयव्ही क्लॅरावर घसरली. "करीन म्हणाले, पण कसं करू? जीभ उसनी आणू कुणाची?"

"माझी आहे की."

"तुझी? तू चहात चार चमचे साखर घालतेस. तुझ्या जिभेचा काय भरवसा?"

"मग बस बदाम खात," क्लॅरा म्हणाली आणि चालू लागली. दुसऱ्या दिवशी पिशवीभर सफरचंदं घेऊन आली.

सुरुवातीला नुसती भांडणं. क्लॅरा फोड खायची आणि म्हणायची, "आंबट." आयव्ही विचारायची, किती आंबट? "आंबट म्हणजे आंबट." अगं पण किती? "खूप." यावर साखर किती टाकायची ते कुठला शहाणा सांगेल? दोन क्रंबलं पाकासारखी गोड झाली, तिसरं कोंबड्यांना घातलं, कोंबड्यांनीही मान वळवली. आयव्ही म्हणाली की तुला सगळं सांगता येतं, साठ मागांवरून लोकांची लफडी सांगत होतीस, आणि एका सफरचंदाचं वर्णन करता येत नाही. क्लॅरा चिडली. एक फोड तिनं कचकन चावली, तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, "सेथ बॅरक्लफच्या तोंडासारखं आहे, बस?"

आयव्ही थांबली. "कुठल्या वारच्या?"

क्लॅरानं पुन्हा फोड तोंडात घेतली, सावकाश चघळली. "सोमवारच्या. सकाळच्या. माग गार पडलेत, पट्टा तुटलाय, आणि तू त्याला हाक मारलीयस."

"आठ मुठी," आयव्ही म्हणाली.

वर्षानुवर्षं त्या तोंडाशेजारी दोघींनी काम केलं होतं. त्याची एकेक सुरकुती दोघींना पाठ. सोमवार सकाळचं वेगळं, बुधवारचं वेगळं, आणि शनिवारी दुपारी भोंगा झाल्यावर त्या तोंडावर जे काही उगवायचं, त्याला हसू म्हणता आलं नसतं, पण आंबट नक्कीच नव्हतं. क्रंबल शनिवार दुपारपर्यंत न्यायचं, त्यापुढे नाही. वसंतात रूबार्बचे आंबट देठ आले. "सोमवार, आणि वर पाऊस," क्लॅरा म्हणाली. जुलैत हिरव्या आंबट गूजबेरी आल्या. "त्याची बायको माहेरून परत आलीय." आयव्ही मुठी टाकायची, क्लॅरा पुन्हा चाखायची. बोटं आयव्हीचीच होती, त्यांना काही झालं नव्हतं. भुगा कधी थांबवायचा ते जिभेला विचारावं लागत नाही. पण तयार झालेलं तोंडात घातलं की तिला फक्त ऊब लागायची आणि कुरकुर. ते खरंच जमलंय की क्लॅरा तिचं मन राखतेय, हे तिला कळायचा मार्ग नव्हता. क्लॅरानं आयुष्यात कुणाचं मन राखलं नव्हतं, पण आता सगळंच गाव भलं वागत होतं, तर हिचा तरी काय नेम.

ऑक्टोबर आला. चॅपलच्या स्वयंपाकघरात क्लॅरानं फोड चाखली. "मंगळवार. जेवणाच्या सुट्टीनंतरचा."

आयव्हीनं मुठी टाकल्या, निम्मी सफरचंदं शिजवली. क्लॅरानं चमचा बुडवला. "शनिवार. पण भोंगा व्हायचाय अजून."

आणखी अर्धी मूठ. चमचा पुन्हा बुडाला. क्लॅरानं तो चाटून पुसला.

"झाला भोंगा," ती म्हणाली. "बायका शाली घेतायत."

कडेला जांभळे बुडबुडे आले. भांडी पंधरा मिनिटं झाकली नाहीत, हलवली नाहीत. आयव्ही खिडकीत उभी राहिली, कोपऱ्याचा तुकडा सेथला गेला आणि तिनं हातातला जग दोन्ही हातांनी धरला. सेथनं पहिला चमचा घेतला. खाली ठेवला नाही. दुसरा घेतला. तो सावकाश खात होता, कडेचं खरवडून खात होता. हॉलमध्ये कुणी कुणाशी बोलत नव्हतं, नुसते चमचे वाजत होते. खिडकीशी एकही माणूस आला नाही. एकाच्याही तोंडून छान निघालं नाही. आयव्हीला हे कळत होतं, पण भरवसा वाटत नव्हता.

सेथनं वाडगा पुढे सरकवला. मग त्यानं खुर्ची मुद्दाम वळवली, खिडकीकडे तोंड केलं, आणि जॉबर लोक बायकांना माग बंद करायला सांगताना करायचे तसं मिशा बोटांनी वर उचलून धरल्या, म्हणजे ओठ नीट दिसावेत.

"याहून वाईट खाल्लंय मी," त्याचे ओठ म्हणाले.

आयव्हीनं डोळे मिटले. उघडले तर त्याच्या मिशा अजून वरच होत्या.

"गेल्या वर्षी. इथंच. याच खुर्चीत."

मग क्लॅरा फिसकन हसली आणि सगळा हॉल फुटला. साठ माणसं, निम्म्याहून अधिक गिरणीतली, सगळ्यांनी वाचलं होतं. वर्षभर सूपं आणून देणारे, हळू बोलणारे, सगळे टेबलं बडवून हसत होते, कुणाचा चहा सांडला, कुणाला ठसका लागला. आणि आयव्ही हसत होती, इतकी की तिला खिडकीची चौकट धरावी लागली, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते ॲप्रननं पुसता पुसेना. क्लॅरा सोडली तर वर्षभरात पहिल्यांदा कुणी तिच्या तोंडावर खरं बोललं होतं. तिला तिची जागा परत मिळाली होती, आणि या खेपेला तिचा भरवसाही बसला होता.

मिसेस पेलम गोंधळून खिडकीपाशी आल्या. "काय झालं, मिसेस होल्रॉइड? कुणी काही बोललेलं तर मला ऐकू आलं नाही."

"काही नाही हो," आयव्ही नाक पुसत म्हणाली. "सेथला क्रंबल आवडलं म्हणतोय."

मग ती जग घेऊन बाहेर आली, सेथच्या वाडग्यात दुसरा तुकडा घातला आणि कस्टर्ड बाजूनं ओतलं.